बारावीचं वर्ष : घरच्यांच्या वाट्याचं काम

बारावीचा अभ्यास मुलं करतात. घरच्यांच्या वाट्याला येतात कागद, तारखा आणि पावत्या. पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पालकांसाठी मदतीचं टेबल असतं, तिथे आम्ही काही पालक आळीपाळीने बसतो. विज्ञान शाखेतल्या मुलाचं घर जूनपासून पुढच्या ऑगस्टपर्यंत ज्या क्रमाने या वर्षातून जातं, त्याच क्रमाने हे लिहिलं आहे. बोर्डापुरता भाग वाणिज्य आणि कला शाखेलाही लागू पडतो. प्रवेशाचा भाग मात्र मुख्यतः अभियांत्रिकीचा आहे, कारण टेबलावर सगळ्यात जास्त गर्दी त्याचीच असते.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करायला हवी : हे वर्ष आता लवकर संपतं. २०२४ मध्ये बारावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली आणि निकाल २१ मे रोजी लागला. २०२५ मध्ये परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली, निकाल ५ मे रोजी आला. २०२६ च्या वेळापत्रकात लेखी परीक्षेची पहिली तारीख १० फेब्रुवारी होती. प्रात्यक्षिकं त्याच्याही आधी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून. 'मे महिन्याच्या सुट्टीत गावी जाऊ तेव्हा दाखले काढू' हे आपल्या घराघरातलं जुनं गणित आता चालत नाही. एप्रिलमध्ये सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा असते, मेमध्ये निकाल लागतो आणि तहसील कार्यालयात दाखल्यांची सगळ्यात मोठी रांगही नेमकी मे-जूनमध्येच लागते. म्हणून प्रत्येक घराला आमचा आग्रह एकच : जात वैधतेचा अर्ज अकरावीतच दाखल व्हावा, आणि बाकीचे दाखले बारावीच्या दिवाळीपर्यंत हातात असावेत.

नाव

पहिलं काम नावाचं. दहावीची गुणपत्रिका, आधार कार्ड, जातीचा दाखला आणि शाळेचा दाखला हे चार कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत असतं. आधारवर बहुतेकांचं स्वतःचं नाव आधी असतं. हा क्रमातला फरक आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, त्याने फारसं अडत नाही. अडतं ते स्पेलिंगमुळे. एका कागदावर 'शिंदे' एका पद्धतीने, दुसऱ्यावर दुसऱ्या. कुठे वडिलांचं पूर्ण नाव, कुठे नुसतं आद्याक्षर. कुठे 'राव' किंवा 'बाई' जोडलेलं, कुठे गाळलेलं.

दुरुस्ती कुठे करायची हेही ठरलेलं असावं. आधार दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्यावं. गुणपत्रिका आधारप्रमाणे करायला जाऊ नये. गुणपत्रिकेचं मूळ शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असतं, तिथली नोंद बदलायची तर शाळा, शिक्षण खातं आणि बोर्ड अशी लांबची वाट आहे. आधारवरचं नाव मात्र आयुष्यात दोनदा बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. ही संधी जपून वापरा. घाईत केलेली चुकीची दुरुस्तीही त्या मोजणीत धरली जाते. पंधराव्या वर्षानंतर आधारचे बोटांचे ठसे आणि फोटो नव्याने द्यावे लागतात. पुष्कळ मुलांचं ते राहिलेलं असतं आणि लहानपणीचा फोटो तसाच चालत आलेला असतो. परीक्षेच्या दारात ठसा जुळत नाही तेव्हा हे लक्षात येतं. आधारशी जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हेही याच फेरीत बघून घ्यावं, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक अर्जाला ओटीपी लागतो.

दाखले

मागास प्रवर्गातल्या मुलांचे तीन कागद वेगवेगळे असतात आणि पुष्कळ घरांत ते एकच समजले जातात. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात. जात वैधता प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. नॉन-क्रिमिलेयरचा दाखला उत्पन्नाशी जोडलेला असतो; तो अनुसूचित जाती आणि जमातींना लागत नाही, बाकीच्या मागास प्रवर्गांना लागतो.

वैधतेला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर. अर्ज नमुना १६ मध्ये असतो. त्यासोबत वडिलांचं नमुना १७ चं शपथपत्र, वंशावळीसाठी नमुना ३ चं शपथपत्र आणि मूल शिकत असलेल्या कॉलेजच्या प्राचार्यांचं नमुना १५-अ चं पत्र. बोर्डाचा खासगी विद्यार्थ्यांचा '१७ नंबर फॉर्म' वेगळा, त्याचा या नमुन्याशी काही संबंध नाही. दोन्हींचा आकडा एक असल्याने लोक दर वर्षी चुकीच्या खिडकीवर जातात. पुराव्यांमध्ये समितीला हवी असते ती वडिलांकडच्या नात्यातली, मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी सरकारने ठरवून दिलेल्या जुन्या तारखेच्या, आधीची जातीची नोंद. अनुसूचित जातींसाठी हा दिनांक १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा हा यातला सगळ्यात उपयोगी कागद. शाळा बंद झाली असेल किंवा दुसऱ्या शाळेत मिसळली असेल, तर तिचं रजिस्टर कुठे गेलं हे त्या तालुक्याच्या गटशिक्षण कार्यालयात विचारावं. काका, आत्या किंवा चुलतभाऊ यांच्यापैकी कुणाची वैधता आधीच झालेली असेल, तर तिची प्रत जोडावी आणि वंशावळीत ते नातं स्पष्ट दाखवावं. मामाकडचे कागद इथे चालत नाहीत.

पुण्यात वाढलेल्या मुलांची खरी अडचण जिल्ह्याची. कुटुंब मानीव दिनांकाला जिथे राहत होतं त्या जिल्ह्यातून जातीचा दाखला निघतो, आणि वैधतेचा अर्जही त्याच जिल्ह्याच्या समितीकडे जातो. सिंहगड रोडला जन्मलेल्या, पण मूळ लातूर किंवा सोलापूरच्या घरातल्या मुलाची वैधता पुण्याच्या समितीकडून होत नाही. विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात जाऊन परत आलेले पालक आम्हाला दर पावसाळ्यात भेटतात. अनुसूचित जमातींची समिती आणखी वेगळी. एवढ्यासाठीच अकरावीचं वर्ष हवं : एकदा गावी जाऊन उतारे काढायला, एकदा त्रुटी दुरुस्त करायला आणि एकदा सुनावणीला.

प्रवेशाच्या वेळी प्रमाणपत्र आलेलं नसेल, तर अर्ज केल्याची पावती चालते. मात्र दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र द्यावंच लागतं, नाहीतर मूल खुल्या वर्गात धरलं जातं. जागा राखीव कोट्यातली असेल तर ती हातची जाते.

नॉन-क्रिमिलेयरमध्ये बघायची ती मुदत. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा, त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत दाखला वैध असला पाहिजे. २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७ ही तारीख हवी. दाखला काढल्याची तारीख नवी असली तरी वैधतेची तारीख आधीच संपणारी असू शकते, म्हणून खालची ओळ वाचल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. जेईई (अभियांत्रिकी) किंवा नीट (मेडिकल) या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षांमधून केंद्राच्या जागांसाठीही प्रयत्न करणार असाल तर ओबीसींना केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो, आणि तो त्याच आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेला असावा लागतो. राज्याच्या यादीतल्या सगळ्या जाती केंद्राच्या यादीत नाहीत, हे अर्ज भरण्याआधी तपासावं. ईडब्ल्यूएसचंही, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्याचंही तसंच, राज्याचा नमुना वेगळा आणि केंद्राचा वेगळा.

डोमिसाईल, म्हणजे वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा महा ई-सेवा केंद्रातून काढता येतं. लोकसेवा हक्क कायद्याखाली त्याची मुदत १५ दिवसांची आहे, आणि उत्पन्नाच्या दाखल्याचीही तेवढीच. अभियांत्रिकीला दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असेल आणि शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थान महाराष्ट्रातलं असेल, तर डोमिसाईलवाचून अडत नाही. मेडिकलला ते लागतं. जून-जुलैपर्यंत मुलाचा कल बदलू शकतो, म्हणून आम्ही ते सगळ्यांनाच काढायला सांगतो.

बोर्डाचा फॉर्म

नियमित विद्यार्थ्यांचा परीक्षेचा फॉर्म कॉलेज ऑनलाइन भरतं. घरच्यांना त्यात फारसं काही करायचं नसतं, पण एक दिवस महत्त्वाचा असतो : प्री-लिस्टवर सही करण्याचा. फॉर्म मंडळाकडे गेल्यावर भरलेल्या माहितीची छापील यादी कॉलेजात येते आणि प्रत्येक विद्यार्थ्याने ती तपासून सही करायची असते. मुलं प्रॅक्टिकलच्या घाईत, मित्राच्या पाठीवर कागद टेकवून सही करून मोकळी होतात. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, माध्यम आणि प्रत्येक विषयाचा कोड, एवढं वाचूनच सही करायची, असं मुलांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. गणित सोडून मानसशास्त्र घेतलेल्या किंवा आयटीऐवजी दुसरी भाषा घेतलेल्या मुलांनी तर विषयाचा कोड दोनदा पाहावा. या टप्प्यावरची चूक कॉलेजातच सुधारते. हॉल तिकीट आल्यावर नाव किंवा जन्मतारखेची दुरुस्ती कॉलेजमार्फत ऑनलाइन पाठवून विभागीय मंडळाची मान्यता घ्यावी लागते, आणि विषय किंवा माध्यम बदलायचं तर थेट विभागीय मंडळाकडे जावं लागतं. पुणे विभागीय मंडळाच्या अखत्यारीत पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर हे तीन जिल्हे येतात. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात तिथे किती गर्दी असेल याची कल्पना करा.

अध्ययन अक्षमता, दृष्टिदोष किंवा इतर दिव्यांगत्व असेल तर सवलतीचा प्रस्ताव कॉलेजमार्फत मंडळाकडे आधी जावा लागतो. जादा वेळ तासाला २० मिनिटं असतो; लेखनिक हवा असेल तर त्याचीही मान्यता आधीच घ्यायची. डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र अधिकृत सरकारी रुग्णालयातून मिळतं आणि त्याच्या चाचण्या एका भेटीत होत नाहीत. दहावीला सवलत घेतलेली असली तरी बारावीला ती आपोआप पुढे येते असं समजू नका. खेळाचे वाढीव गुण घेणाऱ्यांनीही प्रमाणपत्रं कॉलेजात डिसेंबरमध्येच द्यावीत.

प्रात्यक्षिकं

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राला लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० अशी विभागणी आहे. गणित आणि भाषांना ८० आणि २०. क्लासच्या मागे लागून कॉलेजात फारशी न जाणाऱ्या मुलांचं इथे नुकसान होतं. जर्नल पूर्ण नाही, प्रयोगाच्या पानांवर शिक्षकांच्या सह्या नाहीत, आणि सर्टिफिकेटच्या पानावर विभागप्रमुखांची सही तर सगळ्या सह्या झाल्याशिवाय मिळत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकदा तिन्ही जर्नलं घरी मागवून पानं उलटून पाहा. विज्ञान न समजणाऱ्या पालकांनाही कोरी पानं ओळखू येतात. आजारपणामुळे प्रात्यक्षिक चुकलं तर 'आउट ऑफ टर्न' परीक्षेची सोय असते. त्यासाठी त्याच दिवशी कॉलेजला कळवावं आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र द्यावं. पर्यावरण शिक्षणाचा प्रकल्प आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण हे श्रेणीचे विषय असले तरी वेळेत जमा करायचेच असतात.

परीक्षेचे दिवस

हॉल तिकीट कॉलेज छापून देतं, त्यावर मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांची सही आणि शिक्का असायला हवा, आणि छपाईसाठी वेगळे पैसे घ्यायचे नसतात. हरवलं तर कॉलेज पुन्हा छापून लाल शाईने 'द्वितीय प्रत' असा शेरा मारून देतं. घाबरून जाण्याचं कारण नाही. मिळाल्याच्या दिवशीच दोन रंगीत प्रती काढा आणि एक घरात ठेवा.

सकाळचा पेपर ११ ते २.१०, दुपारचा ३ ते ६.१०, आणि अर्धा तास आधी वर्गात हजेरी. शेवटची १० मिनिटं जादा दिलेली आहेत. पूर्वी ती पेपर वाचायला सुरुवातीला मिळायची, २०२३ पासून शेवटी मिळतात. केंद्र आदल्या दिवशी पाहून यावं. एकाच संस्थेच्या शाळा, कॉलेज आणि जुन्या इमारती एकाच आवारात असल्या की मुलं चुकीच्या दारात उभी राहतात. शुक्रवार, शनिवार आणि सदाशिव पेठेत हे हमखास होतं.

भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या पेपरवरच छापलेलं असतं की लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही. लॉग टेबलची पुस्तिका कोरी असली पाहिजे. वर्षभर वापरलेल्या पुस्तिकेत कडेला सूत्रं लिहिलेली असतात आणि ती तशीच वर्गात नेली तर गैरप्रकार म्हणून धरली जाऊ शकते. परीक्षेसाठी नवी पुस्तिका घ्या. बहुपर्यायी प्रश्नांत पर्यायाच्या अक्षरासह उत्तर लिहायचं असतं आणि पहिलाच प्रयत्न तपासला जातो. खोडून पुन्हा लिहिलेल्याला गुण नाहीत. ७० पैकी १० गुण या प्रश्नांचे असतात.

सीईटी, जेईई, नीट

एमएचटी-सीईटीचा पेपर १८० मिनिटांचा आणि २०० गुणांचा; गणित गटाला १५० प्रश्न, जीवशास्त्र गटाला २००. पहिल्या ९० मिनिटांत भौतिक आणि रसायन, प्रत्येकी ५० प्रश्न, एका गुणाचा एक. नंतरच्या ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, किंवा जीवशास्त्राचे १०० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. पहिला भाग लवकर संपला तरी त्यातला वेळ दुसऱ्यात वापरता येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणजे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. प्रश्नांपैकी सुमारे २० टक्के अकरावीचे, ८० टक्के बारावीचे. २०२६ पासून ही परीक्षा दोनदा देता येते आणि दोन्हींतलं चांगलं पर्सेंटाइल धरलं जातं. दुसरी परीक्षा ऐच्छिक आहे, पण तिचा अर्ज आणि शुल्क वेगळं असतं.

परीक्षा संगणकावर असते आणि केंद्र शहराच्या कुठल्याही टोकाला येऊ शकतं. कोथरूडच्या मुलाला वाघोली आणि हडपसरच्या मुलाला रावेत आलं तर सकाळच्या सत्राला साडेसहालाच निघावं लागतं. वनाज ते रामवाडी मेट्रोने वाघोलीकडचा बराच रस्ता सुटतो. पुढे रिक्षा ठरवून ठेवावी. आधारची मूळ प्रत सोबत हवी, मोबाइलमधला फोटो चालत नाही.

जेईईबद्दल एकच सांगायचं. एनआयटीसाठी, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांसाठी, बारावीला ७५ टक्के किंवा बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं, अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के. जेईईला छान पर्सेंटाइल आणि बोर्डात इंग्रजीमुळे ७३ टक्के, असं व्हायला नको, म्हणून जानेवारीनंतर भाषांकडे पाठ फिरवू नये. नीटच्या अर्जाला पासपोर्ट आकाराचा आणि पोस्टकार्ड आकाराचा असे दोन फोटो लागतात, पांढऱ्या पार्श्वभूमीचे. एकाच दिवशी काढून घ्या आणि बारा प्रती ठेवा, पुढे कॅपलाही, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेलाही, तेच वापरता येतात.

निकालानंतरचे पंधरा दिवस

निकाल दुपारी एकला ऑनलाइन दिसतो, छापील गुणपत्रिका कॉलेजात काही दिवसांनी येते. गुण अपेक्षेपेक्षा कमी वाटले तर तीन वेगळ्या गोष्टी करता येतात. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि तपासायचं राहिलेलं उत्तर पाहतात. २०२५ मध्ये त्याचं शुल्क विषयाला ५० रुपये होतं. छायाप्रत म्हणजे उत्तरपत्रिकेची प्रत, विषयाला ४०० रुपये. पुनर्मूल्यांकनाला ३०० रुपये, पण त्याआधी छायाप्रत घ्यावीच लागते आणि ती मिळाल्यापासून कामाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. २०२५ मध्ये ५ मेच्या निकालानंतर पहिल्या दोन्हींची मुदत २० मे रोजी संपली.

छायाप्रत आली की ती घरी न वाचता त्या विषयाच्या शिक्षकांकडे न्या. आदर्श उत्तराशी ताडून कुठे किती गुण वाढतात हे तेच सांगू शकतात, आणि पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाला त्यांचं मत लागतंही. केवळ मन खट्टू झालं म्हणून सहा विषयांच्या छायाप्रती मागवू नयेत. ४५ किंवा ७५ टक्क्यांच्या काठावर अडकलेल्या मुलाने मात्र जरूर मागवावी. अभियांत्रिकीला भौतिक, गणित आणि तिसऱ्या विषयात मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि राज्यातल्या मागास प्रवर्गांना ४० टक्के लागतात. गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते, बोर्डाचे गुण पात्रतेपुरते. नापास झालेल्यांसाठी पुरवणी परीक्षा जून-जुलैत असते, २०२५ मध्ये ती २४ जूनला सुरू झाली.

कॅप

आता ज्यासाठी हे सगळं जमवलं तो टप्पा. नोंदणी करताना प्रवर्ग, उत्पन्न आणि जन्मस्थान भरायचं, कागद अपलोड करायचे आणि ई-स्क्रुटिनी (कागदांची ऑनलाइन तपासणी) किंवा सुविधा केंद्रात प्रत्यक्ष तपासणी यांपैकी एक निवडायची. ई-स्क्रुटिनी सोयीची आहे, पण अर्ज पाठवून विसरू नका. त्रुटी निघाली तर अर्ज परत येतो आणि दुरुस्त करून पुन्हा पाठवेपर्यंत तो तसाच पडून राहतो. रोज संध्याकाळी लॉगिन करून स्थिती पाहावी. कागद मोबाइलने तिरपे काढलेले आणि सावली पडलेले असतील तर तेच मुख्य कारण ठरतं. झेरॉक्सवाल्याकडून सपाट, रंगीत स्कॅन करून घ्या आणि प्रत्येक फाइलला कागदाचं नाव द्या. तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर प्रवर्ग आणि होम युनिव्हर्सिटी बरोबर आली का ते पाहा, कारण हरकतीची मुदत दोन-तीन दिवसांचीच असते. होम युनिव्हर्सिटी, म्हणजे प्रवेशासाठी मुलाचं 'आपलं' धरलं जाणारं विद्यापीठ, बारावी ज्या कॉलेजातून झाली त्या जिल्ह्यावरून ठरते. सोलापूर जिल्हा बोर्डाच्या पुणे विभागात येतो, पण त्याचं विद्यापीठ वेगळं आहे. तिथून बारावी करून पुण्यातल्या जागांवर डोळा ठेवणाऱ्या घरांचा हिशोब इथेच चुकतो.

पर्यायांच्या यादीत जास्तीत जास्त ३०० पर्याय देता येतात. बहुतेक मुलांना ४० ते ६० पुरतात, पण क्रम जिवापाड जपावा लागतो. २०२५-२६ पासून चार फेऱ्या आहेत आणि ऑटो-फ्रीझचा नियम कडक झाला आहे. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी एक मिळाला, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एक मिळाला, तर ती जागा आपोआप गोठते. चौथ्या फेरीत जे मिळेल ते अंतिम. गोठलेली जागा घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून मूल बाद होतं.

याचा अर्थ पुण्यातल्या अभियांत्रिकी कॉलेजांच्या उदाहरणाने. एका मुलीला कम्प्युटर हवं आहे. तिने पहिल्या क्रमांकावर सीओईपीचं कम्प्युटर ठेवलं, दुसऱ्यावर पीआयसीटीचं आणि तिसऱ्यावर, कुणी सांगितलं म्हणून, सीओईपीचं मेटलर्जी. दुसऱ्या फेरीत मेटलर्जी मिळालं की तिथेच थांबणं आलं. चौथ्या-पाचव्या क्रमांकावरचं कमिन्सचं किंवा व्हीआयटीचं कम्प्युटर तिसऱ्या फेरीत मिळालं असतं तरी आता विचारात घेतलं जाणार नाही. म्हणून पहिल्या सहांत तेच लिहावं जे मिळालं तर आनंदाने चार वर्षं शिकायचं आहे. कॉलेज मोठं की शाखा आवडीची, यावर घरात भांडण असेल तर ते यादी भरण्याआधीच मिटवावं. आमचं मत शाखेच्या बाजूचं आहे, पण ठरवायचं मुलाने.

मागच्या वर्षीचे कटऑफ वाचताना चार गोष्टी जुळवाव्या लागतात : फेरी, प्रवर्ग, होम युनिव्हर्सिटीची जागा की राज्यस्तरीय जागा, आणि मुलींची राखीव जागा. खुल्या वर्गाचा आकडा एका ठिकाणचा आणि मुलींच्या जागेचा दुसऱ्या ठिकाणचा, असं वाचून लोक निराश होतात किंवा फसव्या आशेवर राहतात. आपल्या पर्सेंटाइलच्या दीड-दोन वरची कॉलेजं आधी, आसपासची मधे आणि दोन-तीन खालची शेवटी, अशी उतरंड ठेवावी. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेतल्या, जागेचा चॉइस कोड (यादीत भरायचा पर्यायाचा क्रमांक) स्वतंत्र असतो. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर तो कोड नेहमीच्या कोडच्या वर टाकावा. शेवटी यादी 'कन्फर्म' करायची. नुसती 'सेव्ह' केलेली यादी फेरीत धरली जात नाही.

जागा मिळाली आणि आणखी चांगलीसाठी थांबायचं असेल, तर १००० रुपये भरून बेटरमेंट निवडायचं. पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला की आधीची जागा आपोआप जाते, परत मागता येत नाही.

प्रवेशाच्या दिवशी

मुलींच्या शुल्कमाफीबद्दल गैरसमज फार आहेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. विकास शुल्क, वसतिगृह आणि मेस यात येत नाही. प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. संस्थास्तरावरच्या किंवा मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला हे लागू नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा आणि प्रवेशानंतर महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज भरा, कारण माफीचा हिशोब त्या अर्जावर चालतो. दर वर्षी तो नव्याने भरायचा असतो आणि बँक खातं मुलीच्या आधारशी जोडलेलं असावं लागतं.

कनिष्ठ महाविद्यालयाचा दाखला, म्हणजे एलसी, एकदाच मिळतो आणि मूळ प्रत नव्या कॉलेजात जमा होते. त्याआधी तिच्या आणि गुणपत्रिकेच्या पाच-सहा साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात. एक वर्ष मधे गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र लागतं. नव्या कॉलेजात कोणकोणते मूळ कागद घेतले याची सही-शिक्क्यासह पोच मागून घ्यावी, आणि ती पोच शुल्काच्या पावतीमागे त्याच फाइलमध्ये लावावी.